लिब्रिव्हॉक्स रिव्ह्यू: द्राक्षबागेत ऐकलेलं शंभर वर्षांपूर्वीचं भविष्य

सरळ मुद्द्यावर येतो. लिब्रिव्हॉक्स ही फुकट ऑडिओबुकची सर्व्हिस आहे, वेबसाईट आहे आणि फोनवर ॲप पण मिळतात, आणि तुम्हाला इंग्रजी ऐकून कळत असेल आणि हात कामात पण कान मोकळे असा तुमचा धंदा असेल तर याच्यासारखी दुसरी चीज नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कुठं गेला ते खाली सांगतो.

माझी द्राक्षबाग आहे, तासगाव तालुक्यात. ज्यांना बागेचं काम माहितीय त्यांना माहितीय की ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत माणूस बागेतच असतो, विरळणी म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढणं, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, डावणी आली का भुरी आली का हे रोग बघत ओळीओळीनं फिरणं, आणि नंतर बेदाणा करायचा असेल तर शेडवर मुक्काम. हाताला काम असतं, डोकं रिकामं. गाणी किती ऐकणार, आणि बातम्या ऐकून नुसता ताप होतो. म्हणून हे सुरू केलं.

आधी ही सर्व्हिस चालते कशी ते. २००५ साली कॅनडातल्या माँट्रियलच्या ह्यू मॅग्वायर नावाच्या माणसानं सुरू केली, कल्पना एवढीच की ज्या पुस्तकांचा कॉपीराइट संपलाय ती लोकांनी आपापल्या घरी बसून मोठ्यानं वाचायची, रेकॉर्ड करायची आणि सगळ्या जगाला फुकट द्यायची. वाचणाऱ्याला पैसे नाहीत, ऐकणाऱ्याला पैसे नाहीत, अकाउंट काढावं लागत नाही. कोण शिक्षक असेल, कोण रिटायर झालेला, कोण घरी लेकरं झोपल्यावर माईक लावून बसणारी आई. एकजण वाचतो, दुसरा ऐकून चुका तपासतो, मग फाईल इंटरनेट आर्काइव्ह या फुकट ऑनलाइन ग्रंथालयावर चढते. एमपी३ डाउनलोड करून ठेवता येतं, आणि हे आमच्यासाठी फार महत्त्वाचं कारण बागेत रेंज एका ओळीत असते तर पुढच्या ओळीत नसते. वेबसाईटवर जाहिराती नाहीत. ॲप दुसऱ्या लोकांनी बनवलेली असतात त्यामुळं काहींत जाहिराती असतात, मी सरळ फाईल उतरवून साध्या प्लेयरवर ऐकतो.

आता मी काय ऐकलं. मी फक्त जुन्या विज्ञानकथा ऐकल्या, ठरवून. त्या लोकांनी आपल्या आजच्या जगाबद्दल काय अंदाज बांधले होते ते बघायचं होतं, आणि खरं सांगतो, कानातून ऐकण्याची ही सोयच त्यांनी आधी कल्पून ठेवलीय. फ्रान्समध्ये सिरानो द बर्जराक म्हणून लेखक होता, त्याचं चंद्राच्या सफरीचं पुस्तक तो गेल्यावर १६५७ साली छापलं गेलं. त्यात चंद्रावरचे लोक पुस्तक वाचत नाहीत, ऐकतात. धातूची डबी, आत स्प्रिंगा आणि बारीक यंत्रं, काटा फिरवून पाहिजे त्या प्रकरणावर न्यायचा की आतून माणसाचा आवाज येतो. आणि तो पुढं लिहितो की अशी तीसेक पुस्तकं खिशात किंवा घोड्याच्या खोगिराला अडकवून प्रवासात, चालताना ऐकता येतात, म्हणून तिथली सोळा-अठरा वर्षांची पोरं आपल्याकडच्या म्हाताऱ्यांपेक्षा जास्त शिकलेली असतात. १६५७! इकडं शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक व्हायला अजून सतरा वर्षं होती. नंतर १८८९ साली अमेरिकेच्या एडवर्ड बेलामीनं एका गोष्टीत रेल्वेचे प्रवासी कानाला फोनोग्राफ, म्हणजे आवाज साठवून परत ऐकवणारं यंत्र, लावून कादंबरी ऐकताना दाखवलेत. एडिसननं फोनोग्राफ काढून तेव्हा बाराच वर्षं झाली होती, म्हणजे बेलामीकडं यंत्र तरी होतं. सिरानोकडं ते पण नव्हतं.

सगळ्यात आधी ऐकायची गोष्ट सांगतो, 'द मशीन स्टॉप्स', ई. एम. फॉर्स्टर, १९०९. दीड तासाच्या आसपास आहे. माणसं जमिनीखाली एकेकट्या खोलीत राहतात, षटकोनी खोली, मधमाशीच्या पोळ्यासारखी. भिंतीवर बटणंच बटणं, जेवणाचं बटण, कपड्यांचं, गाण्याचं, गरम पाण्याचं. वाश्ती नावाची बाई आहे, तिची हजारो लोकांशी ओळख आहे पण ती कोणाला भेटत नाही, हातातल्या गोल पाटीवर निळसर उजेडात माणसाचा चेहरा दिसतो आणि बोलणं होतं. ती दहा मिनिटांचं लेक्चर देते, खुर्चीतून न उठता, आणि ऐकणारे आपापल्या खोलीत. तिचा मुलगा कुनो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहतो आणि तिला म्हणतो मला तुला यंत्रातून नको, समोरासमोर भेटायचंय, आणि आईला ते चमत्कारिक वाटतं. आमच्या भावकीतली निम्मी पोरं पुण्यात नाहीतर परदेशात आहेत, रोज व्हिडिओ कॉल होतात, त्यामुळं तो भाग ऐकताना मी हातातली कात्री थांबवली.

पण पाटीवरचा चेहरा बरोबर सांगितला यात मला एवढं विशेष वाटत नाही, त्या काळात टेलिफोन होता, त्याला चित्र जोडायची कल्पना बऱ्याच जणांना सुचली होती. विशेष पुढं आहे. यंत्र हळूहळू बिघडायला लागतं. आधी गाण्यात खरखर येते. लोक तक्रार करतात, दुरुस्तीची समिती सांगते की बघतो. खरखर जात नाही, पण लोकांना तिची सवय होते, काही दिवसांनी ती खरखर गाण्याचाच भाग वाटायला लागते. मग अंघोळीच्या पाण्याला वास येतो, फळांना बुरशी येते, त्याचीही सवय होते. आणि पूर्ण यंत्र कसं चालतं हे समजणारा एकही माणूस उरलेला नसतो, प्रत्येकाला आपापला तुकडा माहिती. रात्री जेवताना मी ही गोष्ट आण्णांना सांगत होतो, निम्म्यातच त्यांनी विचारलं, "आणि दुरुस्ती करणारं यंत्रच बिघडलं तर रे?" गोष्टीत तेच होतं.

आमच्याकडं मोटरीला मोबाईल स्टार्टर आहे, रात्री लाईट आली की घरात झोपून फोनवरनं मोटर चालू करता येते, विहिरीवर अंधारात जायची, साप-किरडूची भीती गेली, मी त्या वस्तूला नावं ठेवणार नाही. ठिबकचं ऑटोमेशन आहे, हवामानाचं छोटं स्टेशन आहे, पानावर ओल किती तास राहिली ते मोजून डावणीचा धोका सांगतं. गेल्या हंगामात त्या स्टेशनचा एक सेन्सर चुकीचे आकडे द्यायला लागला आणि कंपनीला फोन केला तर प्रत्येक वेळी "तक्रार नोंदवली आहे" एवढंच उत्तर. नंतर नंतर आम्हीच म्हणायला लागलो की तो दहा जास्त दाखवतो, तेवढे वजा करून घ्या. फॉर्स्टरनं हे १९०९ सालीच लिहून ठेवलंय. तिथं मला पटलं की ह्या लेखकांना वाचायचं ते यंत्रांसाठी नाही. माणूस यंत्रासमोर कसा वागेल, कशाची सवय करून घेईल, ते त्यांनी ओळखलं म्हणून वाचायचं.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. 'सुलतानाज् ड्रीम', रुकैया सखावत हुसेन, १९०५, मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात बायकांसाठी छापून आलेली. ह्या बाईंना शाळेत घातलं नव्हतं, भावाकडून इंग्रजी शिकल्या, नंतर त्यांनी कलकत्त्यात मुस्लिम मुलींसाठी शाळा चालवली. गोष्ट एक तासाच्या आत संपते. एका बाईला स्वप्न पडतं, ती अशा देशात जाते जिथं सगळा कारभार बायका बघतात आणि पुरुष पडद्याआड, घरात. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर, चूल नाही, धूर नाही, कोळसा नाही. शेत विजेवर नांगरलं जातं. प्रवास हवेतून. आणि पाणी? तिथल्या बायकांच्या एका विद्यापीठानं मोठा फुगा तयार केलाय, नळ्या लावलेला, तो ढगांच्या वर तरंगत ठेवायचा आणि हवेतलं पाणी पाहिजे तेवढं ओढून घ्यायचं, म्हणजे दुष्काळ पण नाही आणि वरून वादळी पाऊस पण बंद.

हे ऐकलं आणि मी परत मागं नेऊन ऐकलं. आमच्या भागात, आणि आटपाडी-जत तर विचारूच नका, पाणी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, म्हैसाळ, ताकारी, टेंभू या योजनांचं पाणी पंपानं टप्प्याटप्प्यानं वर चढवून आणलंय तेव्हा कुठं शिवार हिरवं दिसतं. आणि तेच पाणी फुलोऱ्यात अवकाळी होऊन पडलं की घड कुजतो, गळ होते, मणी तयार व्हायच्या वेळी पडलं तर तडे जातात. नको तेव्हा पाऊस थांबवायचा आणि पाहिजे तेव्हा पाणी घ्यायचं, हे दोन्ही एका यंत्रात बसवलं ह्या बाईनं. विज्ञान म्हणून ते तसं होणार नाही, हवेतून पाणी काढणारी मशीन आज आहेत पण ती बाग भिजवण्याइतकी नाहीत. पण काय मागायचं ते त्यांना बरोबर माहिती होतं. आणि सूर्याच्या उष्णतेचं म्हणाल तर आज आमच्या वाडीत निम्म्या घरांवर सोलर हीटर आहे आणि कितीतरी विहिरींवर सोलर पंप.

विरळणीला टोळी आली होती तेव्हा मी ही गोष्ट बायकांना सांगितली, काम चालू ठेवूनच. मावशींनी पहिला प्रश्न केला, "दादा, मग ते पुरुष आत बसून काय करत हुते?" मी सांगितलं स्वयंपाक, पोरं सांभाळणं. सगळ्या ओळीत हशा. मग सांगितलं की त्या देशात बायका ऑफिसचं काम दोन तासात उरकतात, कारण लेखिकेचा हिशेब असा की पुरुष दिवसात बारा चिरूट ओढतो, एकाला अर्धा तास, म्हणजे सहा तास धुरात गेले. त्यावर एकजण म्हणाली की हे आमच्या घरात येऊन बघून लिवलंय. आणि फुग्याचं सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, "तसला फुगा आपल्या बागेवर पायजे." नंतर टोळीतल्या एकीनं विचारलं की ही गोष्ट मराठीत ऐकायला मिळंल का. माझ्याकडं उत्तर नव्हतं. याच्याकडं खाली परत येतो.

एच. जी. वेल्स तुम्हाला माहिती असेलच, मंगळावरचे लोक, टाइम मशीन. मी 'द वर्ल्ड सेट फ्री' ऐकलं, १९१४ चं. ऐकायला जड आहे, सलग गोष्ट नाही, मध्येच भाषण दिल्यासारखं चालतं, पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं इथनं सुरू करू नये. पण याच कादंबरीत ॲटम बॉम्ब आहे, याच नावानं, हिरोशिमाच्या एकतीस वर्षं आधी. विमानातला माणूस तो हातानं खाली टाकतो आणि तो एकदा फुटून थांबत नाही, दिवसेंदिवस जळत राहतो. तांत्रिक तपशील चुकलेत. पण लिओ झिलार्ड नावाच्या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञानं हे पुस्तक १९३२ साली वाचलं आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रस्ता ओलांडताना त्याला साखळी अभिक्रियेची, म्हणजे एक अणू फुटला की त्यातून पुढचे फुटत जायचे याची, कल्पना सुचली. त्यानं पेटंट घेतलं आणि ते गुप्त राहावं म्हणून ब्रिटिश नौदलाच्या खात्याकडं दिलं, कारण वेल्स वाचल्यामुळं यातून काय निघू शकतं हे त्याला माहिती होतं, असं त्यानं स्वतःच सांगितलंय. पुढं १९४५ च्या जुलैत जपानच्या शहरांवर बॉम्ब टाकण्याच्या विरोधात अर्ज फिरवणारा हाच झिलार्ड. अर्जानं काही थांबलं नाही. तरी पण एका कादंबरीनं एका शास्त्रज्ञाला आधीच सावध केलं होतं, हे मला फार मोठं वाटतं.

'द ब्रिक मून' छोटी आहे, १८६९ साली अमेरिकेच्या एका मासिकात सुरू झाली, लेखक एडवर्ड एव्हरेट हेल. समुद्रावरच्या जहाजांना आपण कुठं आहोत ते कळावं म्हणून विटांचा दोनशे फूट रुंदीचा पोकळ चंद्र बांधून आकाशात फिरवायचा. विटा का, तर उष्णता सोसतात म्हणून. तो चुकून माणसांसकट वर जातो, आणि वरची माणसं उंच-बुटक्या उड्या मारून तारायंत्राच्या भाषेत खाली निरोप देतात. गोष्ट सरळ, खेळकर. आज जमिनीच्या मोजणीला रोव्हर नावाचं यंत्र घेऊन येतात आणि आकाशातल्या उपग्रहांवरून बांधाचा कोपरा काढतात, त्यामागची मूळ कल्पना हीच.

ज्यूल व्हर्नबद्दल थोडक्यात, कारण मराठी वाचकाला भा. रा. भागवतांमुळं तो घरचाच आहे. एकच सूचना, 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज' ऐकणार असाल तर अनुवाद कोणाचा आहे ते बघून घ्या. १८७२ चा मर्सिअरचा जुना इंग्रजी अनुवाद फार कापलेला आहे, विज्ञानाचे आणि राजकारणाचे तुकडेच्या तुकडे गायब. त्यातला पाणबुडीचा कॅप्टन निमो हा बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या लढ्यात उतरलेला, हे व्हर्ननं 'मिस्टिरियस आयलंड'मध्ये सांगितलंय, ते आपण ऐकायलाच पाहिजे.

बेलामीची 'लुकिंग बॅकवर्ड' मात्र वेळ काढून ऐका. १८८८ ची. बोस्टनचा एक माणूस १८८७ मध्ये झोपतो आणि २००० साली जागा होतो. दुकानात फक्त नमुने ठेवलेले, पसंत करायचं, ऑर्डर नळीतून गोडाऊनला जाते आणि माल घरी येतो. पैसे नाहीत, प्रत्येकाला एक पुठ्ठ्याचं कार्ड, त्याला क्रेडिट कार्ड हाच शब्द वापरलाय. टेलिफोनच्या तारेनं घरात चोवीस तास संगीत, कार्यक्रमपत्रिका बघून पाहिजे ते निवडायचं. सगळं जुळतं की नाही? पण बेलामीच्या २००० सालात दलाल नाही, जाहिरात नाही, गरीब नाही, वर्षाच्या उत्पन्नातला सगळ्यांचा वाटा सारखा, कार्ड त्याच वाट्याचं. आपल्याकडं कार्ड आलं, घरपोच माल आला, संगीत आलं, वाटा तेवढा यायचा राहिला. बाजारात माल घेऊन उभं राहिलेल्या शेतकऱ्यानं हे पुस्तक ऐकावं असं मला मनापासून वाटतं. त्यानं यंत्रं लावली होती ती माणसाची काळजी मिटावी म्हणून, यंत्राचं कौतुक म्हणून नाही, आणि लोकांना ते एवढं पटलं की पुस्तक वाचून अमेरिकेत गावोगाव क्लब निघाले.

आता सर्व्हिसच्या उण्या बाजू. कोणीही वाचू शकतं हा त्यांचा नियमच आहे, त्यामुळं आवाज सारखे नसतात. एकाच पुस्तकाचं पहिलं प्रकरण एका बाईच्या सुंदर आवाजात आणि दुसरं एखाद्या घाईत वाचणाऱ्याकडं असं होऊ शकतं. उपाय आहे, डाउनलोड करताना 'सोलो' लिहिलंय का बघा म्हणजे सगळं एकानंच वाचलेलं असतं, आणि एकाच पुस्तकाची दोन-तीन रेकॉर्डिंग असतील तर पाच मिनिटं ऐकून निवडा. प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला तीच घोषणा असते, ती पुढं ढकलायची सवय होते. दुसरं म्हणजे अमेरिकेच्या कायद्यानं छापून ९५ वर्षं झालेलीच पुस्तकं बहुतेक मिळतात, म्हणून ऑर्वेल वगैरे नाही. पण ज्यांचा कॉपीराइट वाढवून घेतला नव्हता अशा १९५० च्या आसपासच्या मासिकांतल्या बऱ्याच गोष्टी आहेत, 'शॉर्ट सायन्स फिक्शन कलेक्शन' शोधा, ढीग आहे.

आणि अर्धा स्टार भाषेसाठी. यात त्यांची चूक नाही, कोणत्याही भाषेत वाचलेलं ते घेतात, आपण वाचून दिलं तर येणार. जयंत नारळीकरांच्या गोष्टी मी बागेत अशाच ऐकल्या असत्या, 'वामन परत न आला' आज ऐकायला तर पाहिजेच, पण भारतात लेखक गेल्यावर ६० वर्षं कॉपीराइट राहतो आणि सर २०२५ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लिखाण मोकळं व्हायला २०८६ उजाडणार. ती पुस्तकं विकतच घ्यावीत, घेतलीच पाहिजेत. पण त्याच्या आधीचं? १९३० च्या आधी आपल्या मासिकांत विज्ञानाच्या कथा येत होत्या, व्हर्नचे अनुवाद येत होते, त्यांचे लेखक-अनुवादक जाऊन साठ वर्षं होऊन गेलेली असतील तर ते कोणीही वाचून देऊ शकतं. सांगलीत, साताऱ्यात शंभर-दीडशे वर्षांची वाचनालयं आहेत, कपाटात जुने अंक असणार.

तर मागणी अशी. कोणाकडं असे जुने अंक असतील किंवा स्कॅन असतील तर कळवा. रेकॉर्ड मी करतो, माल निघाल्यावरची खरड छाटणी झाली की थोडा वेळ मिळतो, माईक घेतलाय, शेडवर दुपारी शांत असतं. तपासून ऐकायला मात्र दुसरं कोणीतरी लागेल, ज्याला जुनी मराठी नीट येते असं. आणि 'सुलतानाज् ड्रीम'चा मराठी अनुवाद करायला कोणी तयार असेल तर तो आधी, कारण पुढच्या विरळणीला तीच टोळी येणार आहे आणि मी त्यांना शब्द दिलाय.